फक्त पोलादीसाठी

हॉबर्ट जेन्ट्रीला पाच गोळ्या लागल्या होत्या. माणूस दुसरीलाच संपला होता, तरी मारणाऱ्याने पाचही उधळल्या होत्या.

तो आपल्याच दुकानात, काउंटरच्या मागे उताणा पडला होता. एक गोळी जबड्यातून आरपार गेली होती, बाकीच्या छातीत. शर्टाच्या चौकड्या कोणत्या रंगाच्या होत्या हे आता सांगता आलं नसतं. पट्ट्याला लावलेला किल्ल्यांचा जुडगा अंगाखाली दबला होता आणि त्यावर रक्त साकळलं होतं. तो कुणी हलवलेला नव्हता.

नेडीन लेडफर्ड त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली. शेरीफच्या कचेरीत ती एकटीच डिटेक्टिव्ह. वय बावन्न, गुडघे मात्र सत्तरीचे. ती चौदा वर्षांची असताना याच म्हाताऱ्याने तिला नेम धरायला शिकवलं होतं आणि अख्ख्या दिवसात एकदाही "मुलगी असून" म्हणाला नव्हता. तिला रडू आलं नाही. राग आला. तो तिने तसाच राहू दिला, कामाला येणार होता.

"बंदूक इथं आहे," तिचा सहकारी वेन्डेल ओक्स म्हणाला.

प्रेतापासून तीन पावलांवर एक छोटं काळं रिव्हॉल्व्हर पडलं होतं. हलक्या धातूचं, जेमतेम बारा औंसांचं, खिशात टाकलं तर विसरायला होईल असं. वेन्डेलने हातमोजे घालून गोळ्यांचं चक्र बाहेर काढलं. पाच घरं, पाच रिकाम्या पुंगळ्या.

काउंटरवर लाल फ्लॅनेलचं फडकं पसरलेलं होतं. त्यावर तेलाचे दोन ठसे, शेजारी शेजारी. बाजूला कॉफीचा जुना डबा, आत हॉबर्टने स्वतःच्या हाताने भरलेली मॅग्नम, म्हणजे जास्त दारूची जोरकस काडतुसं, पुढे मऊ शिशाच्या गोळ्या. डब्यावर चिकटपट्टी, आणि तिच्यावर त्याचं वेडंवाकडं अक्षर: फक्त पोलादीसाठी.

"हे काय?" वेन्डेलने विचारलं.

"म्हाताऱ्याचं खूळ. हलक्या बंदुका त्याच्या डोळ्यांत सलायच्या."

हे अख्ख्या पेल क्रीक गावाला माहीत होतं. टेनेसीच्या त्या डोंगरात दोन चर्चं होती, आणि कपड्याआड बाळगायची बंदूक पोलादी असावी की हलकी, यावर दोन पंथही होते. हॉबर्ट पोलादीचा. त्याचा मेहुणा आणि भागीदार क्लेल रॅटलिफ हलकीचा. वीस वर्षं ते गिऱ्हाइकांच्या देखत या एका गोष्टीवरून भांडत आले होते आणि लोक करमणूक म्हणून ऐकायला थांबायचे.

हॉबर्टच्या शर्टाच्या खिशात एक घडी घातलेला कागद सापडला. गोळीने भोक पाडलेला, रक्ताने लगदा झालेला. वेन्डेलने तो सुकवायला पाठवला.

शेजारच्या ब्यूटी पार्लरची विल्मा जीन क्रो बोलायची थांबत नव्हती.

"किती आवाज ऐकलेत, मिस विल्मा?"

"पाच. सहाला दहा कमी होती. धाड धाड धाड धाड धाड! मधे श्वास घ्यायलाही जागा नाही गं. मी टेबलाखाली शिरले, डोक्यात रंग लावलेल्या गिऱ्हाइकाला घेऊन."

"त्याआधी?"

"त्याआधी भांडण. साडेपाचला. बर्डी सिस्क, ती नर्स. काय तो आवाज! 'मर तू तुझ्या त्या लोखंडात!' हे तिचे शब्द. मी बायबलवर हात ठेवून सांगेन."

"ती गेली कधी?"

"ते नाही कळलं. ड्रायर चालू केला होता."

क्लेल साडेसहाला आला. अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये त्याचा बंदूक बाळगायचा वर्ग असतो. तो साडेपाचला संपला आणि मग तो एकटाच सामान आवरत होता, असं त्याने सांगितलं. हॅट छातीशी धरून तो दारातच मटकन बसला. नेडीन आणि तो शाळेत एका वर्गात होते. त्याला खरं रडू येतंय की नाही हे तिला तेव्हाही ओळखता येत नसे.

"बर्डीची हलकीच ना ती?" तो म्हणाला. "मीच विकली गं तिला सकाळी. दुपारी मूठ बदलायला परत दिली होती."

"एवढीशी बाई. एका दमात पाच मॅग्नम सोडेल?"

"का नाही? लोणी आहे लोणी! मी रोज सोडतो. म्हाताऱ्याच्या त्या डब्यातलीच शंभर वेळा सोडली असतील. उगाच बाऊ करायचा तो."

"दुकानातून काही गेलंय का, बघ बरं."

क्लेलने गळ्यातल्या किल्लीने काचेची कपाटं उघडून पाहिली. चाळीसेक बंदुका ओळीने मांडलेल्या होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी लावलेली.

"सगळं जागच्या जागी आहे," तो म्हणाला.

बर्डी सिस्कला तिच्या आईच्या घरून आणलं तेव्हा ती रुग्णालयाच्या निळ्या गणवेशातच होती. नेडीनने आधी तिचे हात हातात घेतले. सारखे धुवून कोरडे पडलेले हात. बोटाला खरचटलेलं नाही, अंगठ्याच्या बेचक्यात साधा लालसर डागही नाही.

"भांडलीस कशावरून?"

"तो बंदूक देतच नव्हता! माझी बंदूक, माझे पैसे. दोन्ही काढून ठेवलेल्या फडक्यावर, माझी आणि तशीच दिसणारी पोलादी. पोलादीत गोळ्या भरल्या आणि म्हणाला, मागच्या खोलीत चल पोरी, हिच्यातून पाच मारून बघ, मग ठरव. मी म्हटलं, मला नाही ठरवायचं, माझं ठरलंय. ती पोलादी खिशात टाकली की पॅंट एका बाजूला ओघळते. सबंध वॉर्डाला कळेल. हलकीचं ओझंच होत नाही."

"आणि?"

"म्हणाला, हलकी वेळेला दगा देईल. मी ओरडले. नको ते बोलले. आणि तशीच निघून आले, रिकाम्या हातांनी."

"बंदूक एवढ्या घाईने कशाला हवी होती?"

बर्डीने गणवेशाची कॉलर बाजूला केली. गळ्याखालचं हाड फेब्रुवारीत मोडलं होतं आणि वाकडं जुळलं होतं.

"डोर्सीनं. नवरा होता माझा. कोर्टानं त्याला माझ्या आसपास फिरकायला बंदी घातली, बंदूक घ्यायलाही. पण तो ऐकणाऱ्यातला आहे का? सोमवारी ज्युनीच्या ताब्याची तारीख आहे, नेडीन. सहा वर्षांची आहे ती. मी आत असले तर लेक त्याला देतील. सरळ त्याच्या हातात देतील!"

नेडीनने शेरीफला हातांबद्दल सांगितलं. शेरीफने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"नर्स आहे, हातमोजे घातले असतील. बंदूक तिची, ठसे तिचे, भांडण तिचं. पुंगळ्या आणि गोळ्या प्रयोगशाळेत गेल्यात."

"निकाल?"

"तीन आठवडे. सोमवारी तिला न्यायाधीशापुढे उभी करतोय."

"सोमवारी तिची पोर जाईल."

"मग सोमवारच्या आत मला काहीतरी आणून दे. हात बघून मी माणसं सोडत नाही."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, नेडीनने हॉबर्टच्या किल्लीने दुकानाच्या कपाटातून बर्डीच्या बंदुकीची जुळी बहीण उचलली, कॉफीचा डबा घेतला आणि गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत गेली. तासाभराने परतली तेव्हा उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता आणि रुमालातून रक्त येत होतं.

"काय झालं?" वेन्डेलने विचारलं.

"काही नाही. शाळेत गेले होते."

मग ती परत दुकानात गेली आणि काचेची कपाटं उघडून एकेक बंदूक हुंगत फिरली. तिसऱ्या कपाटातल्या एका छोट्या पोलादी रिव्हॉल्व्हरपाशी ती बराच वेळ थांबली.

दुपारी तो सुकलेला कागद आला. बंदूक विकताना भरून घ्यायचा फॉर्म, मंगळवारचा. विकणाऱ्याच्या सहीच्या जागी गोळीचं भोक होतं. घेणाऱ्याचं नाव मात्र वाचता येत होतं: लॉयल सिस्क.

"डोर्सीचा चुलतभाऊ," वेन्डेल म्हणाला. "पण तो तर दोन वर्षं अंथरुणाला खिळलाय! झटका आल्यापासून त्याला चमचा धरता येत नाही."

"मग त्याच्या नावावर बंदूक कुणी नेली?"

वेन्डेलला उत्तर माहीत होतं. त्याचा चेहरा उतरला.

"गाड्या पाठव," नेडीन म्हणाली. "एक बर्डीच्या आईच्या घरी, बाकीच्या डोर्सीच्या मागावर. आणि क्लेलला दुकानात बोलव. म्हणावं, जाणकार म्हणून मदत हवी आहे."

क्लेल आला तो नव्या इस्त्रीच्या शर्टात. नेडीनने त्याला दुकानामागच्या नेमबाजीच्या लांबट खोलीत नेलं. तिने जाकिटाखाली बुलेटप्रूफ बंडी घातली होती. वेन्डेल दाराशी उभा राहिला.

"कोर्टात कुणीतरी विचारणार, ही हलकी बंदूक पाच मॅग्नम सोडते का," ती म्हणाली. "तू करून दाखव. आम्ही लिहून घेतो. ही तिच्यासारखीच दुसरी आहे. काडतुसं हॉबर्टच्या डब्यातली."

"एवढंच ना?" क्लेलने पाच काडतुसं भरली आणि पाय फाकवून उभा राहिला.

पहिल्या बाराला त्याचे दोन्ही हात कपाळापर्यंत उडाले. त्याच्या तोंडून शिवी गेली. दुसऱ्या बाराला अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी फाटली आणि मनगटावरून रक्त ओघळलं. तो थांबला.

"दोन," नेडीन म्हणाली. "तीन राहिल्या."

"बास की. कागदाला भोकं पडली ना?"

"तू तर रोज सोडतोस."

"आज नाही सोडत. घरातला माणूस गेलाय माझा."

नेडीनचा बेत इथेच फिसकटला. त्याने तिसरी सोडायला हवी होती. आता शहाणपणाने बंदूक काढून घ्यायची आणि आपणच पुढचं दाखवायचं, एवढंच उरलं होतं. पण 'घरातला माणूस' हे शब्द तिला सहन झाले नाहीत.

"घरातला माणूस! काल संध्याकाळी तू कुठल्या दारानं आलास, क्लेल? मागच्या, ओढ्याकडच्या?"

"मी हॉलमध्ये होतो."

"हॉलमध्ये तुला कुणी पाहिलं नाही. काल फडक्यावर दोन बंदुकांचे ठसे होते. एक जमिनीवर सापडली. दुसरी कुठे गेली?"

"मला काय माहीत? हॉबर्टनं ठेवली असेल कपाटात."

"हॉबर्टची किल्ली त्याच्याच अंगाखाली होती. रक्त साकळलं होतं तिच्यावर. बर्डीकडे किल्ली नव्हती. आणि ती पोलादी आज तिसऱ्या कपाटात बसली आहे, नुकतीच धुतलेली. बाकी एकोणचाळीस बंदुकांना धुळीचा वास येतो, तिला एकटीला सफाईच्या तेलाचा. कपाटाची दुसरी किल्ली तुझ्या गळ्यात आहे."

क्लेलने बंदुकीवरची पकड आवळली. बंदुकीचं तोंड अजून जमिनीकडे होतं.

"मंगळवारी तू डोर्सीला बंदूक विकलीस, अंथरुणावरच्या माणसाच्या नावावर. काल हॉबर्टला तो फॉर्म सापडला. त्याने तुला बोलावून घेतलं. म्हणाला असेल, उद्या शेरीफकडे चल. तुरुंगात गेला असतास तू. समोर भरलेली पोलादी पडली होती, बर्डीसाठी भरलेली. ती उचललीस. बहिणीच्या नवऱ्याच्या तोंडात गोळी घातलीस, क्लेल!"

"नेडे," तो हळूच म्हणाला. शाळेतलं नाव. "माझ्या हातात काय आहे ते विसरलीस का?"

त्याने बंदूक वर केली. नळी तिच्या डोळ्यांसमोर होती. बंडी छातीला होती, चेहऱ्याला नव्हती. वेन्डेलचं पिस्तूल म्यानातून निघालं, पण त्याच्या आणि क्लेलच्या मधे नेडीनच उभी होती.

"तीन आहेत," क्लेल म्हणाला. "तुम्हा दोघांना पुरतील."

त्याने चाप ओढला.

काही झालं नाही. चाप जागचा हललाच नाही. त्याने पुन्हा ओढला, मग दोन्ही हातांनी. बोटाचं पेर पांढरं पडलं. नेडीन खाली बसली आणि त्याच क्षणी वेन्डेल तिच्यावरून झेपावला. पिस्तुलाचा फटका मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज खोलीत घुमला. क्लेलचं तोंड बाकावर आपटलं. बेड्या पडल्या तेव्हा तो रक्त आणि दाताचा तुकडा थुंकत होता.

नेडीन उठली. तिने बंदूक उचलली, आणि चक्र हलेना तेव्हा पुढून दाखवली. चक्राच्या तोंडातून शिशाची एक गोळी गव्हाच्या दाण्याएवढी बाहेर आली होती आणि चौकटीला अडकून बसली होती.

"बघ, क्लेल. नीट बघ. ही बंदूक एवढी हलकी आहे की मॅग्नमचा दणका ती अंगावर घेऊच शकत नाही. ती मागे उसळते आणि न उडालेल्या काडतुसांतलं मऊ शिसं पुंगळीतून पुढे सरकतं. दोनदा उसळली की चक्र अडकलं. पोलादी वजनदार, तिच्यात असं होत नाही. म्हणून डब्यावर चिठ्ठी होती. मीही कालपर्यंत ते खूळच समजत होते."

"मी..." क्लेल म्हणाला, आणि थांबला.

"तू उभ्या जन्मात हिच्यातून एक मॅग्नम सोडलं नाहीस. वर्गात कमी दारूची काडतुसं वापरतोस, आणि काउंटरवर सांगतोस लोणी आहे म्हणून. सगळेच सांगतात. या धंद्यातला प्रत्येक बाप्या हीच बढाई मारतो, आणि कुणी कुणाला करून दाखव म्हणत नाही. म्हणूनच तुला कळलं नाही. पोलादीतल्या पाच रिकाम्या पुंगळ्या काढून तू बर्डीच्या बंदुकीत भरल्यास. पाच! मिस विल्माने पाच बार सलग ऐकले, श्वासही न घेता. ही बंदूक पाच सोडतच नाही. दोनच गोळ्या झाडून थांबला असतास तर ती बिचारी जन्मभर आत सडली असती."

वेन्डेल धापा टाकत होता. "हे तुला सकाळीच कळलं?"

"खाणीत सहा वेळा भरली. पाच वेळा तिसऱ्याला अडकली."

"आणि सहाव्यांदा?"

नेडीनने हातावरचा रुमाल घट्ट केला. "चौथ्याला."

म्हणजे सहात एकदा तिसरी गोळी सुटली होती. वेन्डेल तिच्याकडे बघत राहिला आणि मग तिच्या आईबद्दल असं काही बोलला की ते इथे लिहिता येणार नाही. नेडीनने ते मुकाट्याने ऐकून घेतलं, कारण त्याचा राग रास्त होता.

बर्डीला कोठडीतून बाहेर काढलं तेव्हा संध्याकाळचं ऊन खिडकीत होतं. तिने सगळं उभ्याने ऐकलं. हॉबर्टला फॉर्म चार वाजता सापडला होता, असं क्लेलने कबूल केलं होतं; ते कळल्यावर तिने विचारलं, "म्हणजे मी गेले तेव्हा त्याला माहीत होतं? डोर्सीकडे बंदूक आहे हे?"

"माहीत होतं. म्हणूनच हलकी देत नव्हता. आधी शेरीफच्या कानावर घालून मग तुला सांगणार असेल. आयत्या वेळी अडकणारं काही तुझ्या हातात द्यायचं नव्हतं त्याला."

बर्डीने तोंडावर हात दाबून धरला. "आणि मी त्याला काय काय बोलले गं."

"तो मनाला लावून घेणाऱ्यातला नव्हता. मी ओळखायची त्याला."

"डोर्सी?"

"अर्ध्या तासापूर्वी पकडला. तुझ्या आईच्या फाटकापाशी. आमची गाडी झाडाआड होती. बंदूक हातात होती, पाचही घरं भरलेली. फाटकाची कडी काढत होता."

बर्डीचा रंग उडाला. "ज्युनी कुठे होती?"

"आत. आजीनं दोन्ही दारं लावून तिला न्हाणीत बसवलं होतं. ती ठीक आहे. तिला वाटतंय लपाछपी चालली आहे."

बर्डी भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. मग कोरड्या आवाजात तिने विचारलं, "क्लेलनं त्याला कोणती दिली होती?"

नेडीनला ते सांगायचं नव्हतं, पण खोटंही बोलवेना.

"पोलादी," ती म्हणाली. "हलकी हाताला लागते म्हणाला डोर्सी, म्हणून."

बर्डी हसायला लागली, आणि हसता हसताच तिला हुंदका फुटला. नेडीन तिच्याशेजारी फरशीवर बसली, गुडघे दुखत होते तरी, आणि तिचं रडणं संपेपर्यंत तिथून हलली नाही.